ठिपके गेले, म्हणजे रोग गेला का?

रंकाळ्याच्या कडेला वाढलेल्या शिवाजी पेठेतल्या मुलांना मासे काही नवे नाहीत. समुद्र मात्र त्यांच्यापासून लांब आहे. आंबा घाट उतरून रत्नागिरीला जावे तेव्हा तो दिसतो. त्यामुळे पेठेतल्या एका शाळेला माजी विद्यार्थ्याने खाऱ्या पाण्याची काचेची टाकी भेट दिली, तेव्हा मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या दाराशी गर्दी होऊ लागली. टाकीत केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन क्लाउनफिश आणि एक छोटा निळा डॅमसेल होता. काही महिन्यांनी त्यांच्या सोबतीला एक निळा सर्जनफिश विकत आणला आणि पिशवीतून थेट टाकीत सोडला.

बाराव्या दिवशी त्याच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसले. तो दगडाला अंग घासू लागला. विज्ञानाच्या सरांनी दुकानातून निळ्या रंगाचे औषध आणून पाण्यात टाकले. चौथ्या दिवशी ठिपके नाहीसे झाले. "सर, बरा झाला की!" म्हणून मुलांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या आठवड्यात चारही माशांच्या अंगावर इतके ठिपके उमटले की मोजणे अशक्य झाले. दोन दिवसांनी सकाळी सर्जनफिश तळाशी मरून पडलेला होता. त्या दिवशी सरांचा आम्हाला फोन आला. त्यांचा प्रश्न साधा होता : औषध एकदा लागू पडले, मग दुसऱ्यांदा का नाही?

खरी गोष्ट अशी की ते पहिल्यांदाही लागू पडले नव्हते. हे कसे ओळखायचे, हाच या लेखाचा विषय आहे.

ठिपक्याच्या आत कोण?

नुकत्याच मेलेल्या माशाच्या कल्ल्याचा लहानसा तुकडा काचपट्टीवर घेऊन आम्ही शाळेच्याच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. शंभरपट मोठे करून पाहिल्यावर एक करडा, गोल जीव सावकाश गरगरताना दिसला. त्याच्या सर्वांगावर केसांसारखे बारीक तंतू हलत होते. हा एकपेशीय परजीवी. त्याचे नाव क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. १९५१ साली ब्राउन यांनी त्याला हे नाव दिले. क्रिप्टोकॅरिऑन म्हणजे 'लपलेले केंद्रक', कारण त्याचे केंद्रक सहजासहजी दिसत नाही. योगायोग असा की महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी जिथे पहिल्यांदा जिवंत समुद्री मासे पाहिले, ते मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालयही १९५१ सालीच सुरू झाले.

गोड्या पाण्यातल्या माशांनाही अगदी असेच ठिपके येतात. तिथला परजीवी वेगळा आहे. त्याचे नाव इक्थिऑफ्थिरिअस, आणि तो १८७६ पासून माहीत आहे. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे केंद्रक घोड्याच्या नालेसारखे ठळक दिसते. हे दोघे एकमेकांचे जवळचे नातेवाईक नाहीत, पण दोघांची जगण्याची रीत विलक्षण सारखी आहे.

एक वर्तुळ, चार थांबे

फळ्यावर एक वर्तुळ काढून त्यावर चार खुणा करा. पहिला थांबा माशाच्या त्वचेत. परजीवी वरच्या पातळ थराखाली शिरतो, पेशी खातो आणि वाढतो. आपल्याला दिसतो तो ठिपका हाच. हा मुक्काम साधारण तीन ते सात दिवसांचा असतो. दुसरा थांबा पाण्यात. पोट भरलेला परजीवी आपण होऊन त्वचेबाहेर पडतो आणि काही तासांतच वाळूवर किंवा दगडावर चिकटतो. तिसरा थांबा कोषाचा. स्वतःभोवती टणक कवच करून आत तो पुन्हापुन्हा विभागत राहतो. बहुतेक कोष काही दिवसांत फुटतात, काहींना चार आठवडेही लागतात. चौथा थांबा पुन्हा पाण्यात. एका कोषातून दोनशेपर्यंत पिल्ले बाहेर पडतात आणि मासा शोधत पोहू लागतात. एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. त्वचेत शिरण्याची त्यांची ताकद तर पहिल्या काही तासांनंतरच ओसरू लागते.

आता शाळेतल्या टाकीचा हिशेब करू. पहिल्या खेपेला सर्जनफिशच्या अंगावर समजा दहा ठिपके होते. चार दिवसांनी दहाही परजीवी पोट भरून खाली उतरले. औषध टाकले नसते तरी ते उतरणारच होते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, आणि श्रेय औषधाला मिळाले. त्या दहांचे झाले दोन हजार. अथांग समुद्रात त्यातल्या फार थोड्यांना मासा सापडतो. दोनशे लिटरच्या टाकीत चार मासे कुठे पळणार? त्यातून हे परजीवी मासा सोडतात ते अंधारात, आणि कोषही बहुधा पहाटेच्या सुमारास फुटतात. त्या वेळी मासे तळाजवळ झोपलेले असतात. माशांवर जेव्हा एकही ठिपका नव्हता आणि मुले टाळ्या वाजवत होती, तेव्हाच टाकीत परजीवींची संख्या सर्वांत वेगाने वाढत होती.

याच वर्तुळावरून उपचाराची पहिली अटही कळते. त्वचेखालच्या परजीवीला त्वचेचेच पांघरूण असते आणि कोषातल्याला कवचाचे. पाण्यात टाकलेले औषध त्याला गाठू शकते ते मुख्यतः चौथ्या थांब्यावर, उघड्यावर पोहताना. म्हणून एका दिवसाचा उपचार निरुपयोगी ठरतो. शेवटचा कोष फुटेपर्यंत तो चालू ठेवावा लागतो.

तेच मीठ, उलटा उपयोग

सरांना आणखी एक गोष्ट बुचकळ्यात टाकत होती. त्याच प्रयोगशाळेतल्या गोड्या पाण्याच्या टाकीत मागे मॉली माशांना ठिपके आले होते, तेव्हा लिटरमागे दोन-तीन ग्रॅम मीठ काही आठवडे ठेवून ते बरे झाले होते. समुद्राच्या पाण्यात तर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. मग तिथे हा रोग व्हायलाच नको!

याचे उत्तर परासरणात आहे. काकडीला मीठ लावून ठेवले की पाणी सुटते, आणि बेदाणे पाण्यात टाकले की फुगतात. पेशीच्या पातळ आवरणातून पाणी जास्त क्षारांच्या बाजूला जाते. माशाच्या रक्तातले क्षार समुद्राच्या साधारण एकतृतीयांश असतात. त्यामुळे समुद्री माशाच्या अंगातून पाणी सतत बाहेर झिरपते. तो समुद्राचे पाणी पितो आणि जादा क्षार कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. गोड्या पाण्यातल्या माशाचे नेमके उलटे असते. पाणी आपोआप आत येते आणि तो ते भरपूर पातळ मूत्रावाटे बाहेर काढतो.

परजीवीही आपापल्या पाण्याला सरावलेले असतात. गोड्या पाण्यातल्या पोहणाऱ्या पिल्लांना थोडेसे मीठही सोसत नाही. खाऱ्या पाण्यातल्यांना मिठाची सवयच असते. त्यांना सोसत नाही तो मिठाचा अभाव. इस्राएलमधल्या एलात इथे अँजेलो कोलोर्नी यांनी १९८५ साली हे दाखवून दिले. तिथे पाळल्या जाणाऱ्या समुद्री ब्रीम माशांना हाच रोग होई. पाण्याची लवणता लिटरमागे १६ ग्रॅम किंवा त्याहून कमी केली की कोष नष्ट होतात असे त्यांना आढळले. माशाच्या रक्तातले क्षार याच आकड्याच्या आसपास असल्याने त्याला हे पाणी जड जात नाही, उलट त्याचे श्रम वाचतात.

आम्ही काय केले

उरलेले तीन मासे आम्ही वेगळ्या टाकीत हलवले. तिच्यात वाळू नव्हती, दगड नव्हते. स्पंजाचा गाळणी-पंप आणि लपायला प्लॅस्टिकच्या नळीचे दोन तुकडे एवढेच होते. दोन दिवसांत थोडे थोडे पाणी काढून, त्याजागी क्लोरीन घालवलेले गोडे पाणी घालत लवणता १४ ग्रॅमपर्यंत आणली. ती मोजायला लवणतामापक हवाच, अंदाजाने हे काम होत नाही. शेवटचा ठिपका दिसल्यापासून पुढे चार आठवडे हेच पाणी ठेवले. वर येताना मात्र घाई केली नाही, पुन्हा ३५ वर यायला आठवडा घेतला. एवढे करूनही डॅमसेल तिसऱ्या दिवशी गेला. त्याच्या कल्ल्यांचे आधीच फार नुकसान झाले होते. दोन्ही क्लाउनफिश वाचले.

मूळ टाकी अडीच महिने माशांशिवाय चालू ठेवली. कोषातून पिल्ले निघाली तरी त्यांना शिरायला मासाच मिळाला नाही. तिथली लवणता कमी केली नाही, कारण दगडांवरचे उपयुक्त जीवाणू आणि टाकीतला खेकडा यांना ते सोसले नसते.

दुसरा एक उपचार म्हणजे तांबे. द्राक्षबागेत फवारतात त्या मोरचुदातले तांबे पोहणाऱ्या पिल्लांना मारते. पण त्याची मात्रा लिटरमागे ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅम एवढ्या अरुंद पट्ट्यात आठवडेच्या आठवडे राखावी लागते. थोडी कमी झाली तर उपयोग नाही आणि थोडी वाढली तर मासा मरतो. कोळंबी, खेकडे आणि प्रवाळ तर सुरक्षित मात्रेतही टिकत नाहीत. शाळेत हा मार्ग धरू नये.

आधी पाणी तपासा

मूळ टाकीच्या पाण्यात आम्हाला अमोनिया आढळला. तो असायला नको होता. माशांच्या विष्ठेतला आणि उरलेल्या खाद्यातला अमोनिया गाळणीतले जीवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. दुकानातून आणलेल्या निळ्या रंगाने हे जीवाणूच दुबळे झाले होते. खाऱ्या टाकीत हा धोका जास्त असतो. पीएच ७ असलेल्या पाण्यात एकूण अमोनियापैकी विषारी रूपातला भाग दोनशेत जेमतेम एक असतो. समुद्री टाकीच्या ८.२ पीएचला तो शंभरात सात-आठ होतो. शिवाय २५ अंश सेल्सियसला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तर समुद्राच्या पाण्यात ६.७ च. वीज गेली आणि पंप थांबला की या टाकीतले मासे लवकर गुदमरतात.

म्हणून आजारी मासा पाहिला की औषधाच्या बाटलीकडे हात जाण्याआधी काही प्रश्न विचारावेत. सगळे मासे एकाच वेळी पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत आहेत का? तसे असेल तर दोष बहुधा पाण्याचा असतो, रोगाचा नव्हे. एकापासून सुरू होऊन इतरांकडे जात असेल तर संसर्ग समजावा. ठिपके रव्यासारखे सुटे असतील तर क्रिप्टोकॅरिऑन. पिठीसारखी बारीक सोनेरी धूळ दिसत असेल आणि श्वास फार वेगाने चालत असेल तर ॲमिलोओडिनिअम. तो याहून जलद मारतो, तेव्हा जाणकाराला तासाभरात बोलवावे. क्लाउनफिशच्या अंगावरून बुळबुळीत पांढरे पापुद्रे सुटत असतील तर ब्रूकलिनेला हा तिसराच परजीवी असू शकतो. परांवर फुलकोबीसारखी गाठ असेल तर ती बहुधा लिम्फोसिस्टिस विषाणूची. तिला औषध नाही. पाणी आणि खाणे चांगले ठेवले तर ती पुष्कळदा आपोआप जाते.

यातले बहुतेक टळले असते ते एका गोष्टीने. नवा मासा चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवायला हवा होता. गोड्या पाण्यातले शोभेचे मासे बहुतेक करून तळ्यांत पैदास केलेले असतात. खाऱ्या पाण्यातल्या बहुतेक जाती मात्र आजही प्रवाळांच्या परिसरातून पकडूनच आणल्या जातात. क्लाउनफिशसारख्या काहींचीच पैदास बंदिस्त जागेत करता येते. आपल्या टाकीत मेलेल्या सर्जनफिशची जागा दुकानातला दुसरा सर्जनफिश घेतो, तेव्हा समुद्रातला आणखी एक कमी होतो. हे मुलांना सांगायला हवे.

वर्गासाठी

टाकी नसली तरी हा धडा घेता येतो. दहा ठिपक्यांपासून सुरुवात करून, एका फेरीला दोन आठवडे आणि एका कोषातून दोनशे पिल्ले धरून मुलांना तक्ता करायला सांगा. दोनशेपैकी एकालाच मासा मिळाला तर काय होईल, दहांना मिळाला तर काय, हे त्यांनाच काढू द्या. समुद्र आणि टाकी यांतला फरक त्या आकड्यांतून त्यांना कळेल. टाकी असेल तर एक वही ठेवा. तिच्यात रोज तापमान, लवणता, अमोनिया, कोणी काय खाल्ले आणि कोणावर किती ठिपके आहेत हे लिहावे. ठिपका नसेल त्या दिवशी शून्य लिहावे, रकाना मोकळा सोडू नये.

टाकी पुन्हा भरली त्या दिवशी आठवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, आता तुमच्या गोड्या पाण्यानेच मासे बरे झाले हे कशावरून? तेही आपोआपच झाले असतील की!" सर आमच्याकडे बघून हसले. प्रश्न अगदी रास्त होता. तिच्यापुढे आम्ही दोन गोष्टी ठेवल्या. या वेळी ठिपके गेल्यावर आपण चार आठवडे वाट पाहिली, म्हणजे रोगाला परत यायची पुरेशी संधी दिली आणि तो आला नाही. तरीही दोन माशांवरून सिद्ध काहीच होत नाही. त्यासाठी काही मासे उपचार न करता शेजारी ठेवून तुलना करावी लागते, आणि शाळेत आपण तसे करणार नाही. म्हणूनच ज्यांनी तसे प्रयोग केले त्यांचे निष्कर्ष आपण वापरले.

तिने वहीत त्या दिवशीच्या रकान्यात दोन शून्ये लिहिली आणि पुढे कंसात टिपले : 'अजून बघायचे आहे.'