एक विषय, अनेक लेखनप्रकार : रिद्धपूरपासून आजच्या प्रकल्पवहीपर्यंत

आज आपण विद्यार्थ्यांच्या संशोधन प्रकल्पांबद्दल बोलणार आहोत. विषय साधा वाटतो, पण त्याच्या पोटात ज्ञानाविषयीचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे : जे कळले ते कोणत्या रूपात मांडले, यावर काय कळले हेही ठरते का?

नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवी आणि पदव्युत्तर पातळीवर संशोधन प्रकल्पाला श्रेयांक मिळू लागले. अमरावती-अकोल्याकडच्या कोणत्याही महाविद्यालयात जा, कपाटात स्पायरल बाइंडिंगच्या वह्या रचलेल्या दिसतील. प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतके, विश्लेषण, निष्कर्ष. साचा वाईट नाही, शिस्त लावतो. पण आता मोबाईलवरचे यंत्रसुद्धा त्या साच्यातला मजकूर चुटकीसरशी लिहून देते. मग विद्यार्थ्याने स्वतः काय पाहिले, काय ऐकले, याचा माग त्या वहीत उरतो कुठे?

यावर एक उपाय सांगितला जातो, तो म्हणजे अनेक लेखनप्रकारांचा मिळून एक प्रकल्प. विषय एकच. वाचन, कागदपत्रे, मुलाखती, मोजमाप हे सारे नेहमीसारखेच. फरक मांडणीत. एका सलग निबंधाऐवजी तक्ता, मुलाखत, पत्र, बातमी, संवाद, कविता, नकाशा असे तुकडे असतात आणि ते मिळून एक म्हणणे उभे करतात. अमेरिकेत टॉम रोमानो या लेखन शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी १९९०च्या दशकात ही पद्धत रूढ केली. मायकेल ओंडाटजे यांचे बिली द किडवरचे १९७० सालचे पुस्तक त्यांना प्रेरक ठरले. त्यात कविता, गद्य, छायाचित्रे असे सगळे एकत्र आहे.

म्हणजे ही बाहेरून आलेली नवी टूम आहे, असे कुणी म्हणेल. तर नाही. याचे सर्वांत भक्कम उदाहरण अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात आहे. ते म्हणजे रिद्धपूर, जिथे आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातली गोष्ट. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांचे अनुयायी रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात आले. म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी गोळा करायचे मनावर घेतले. ज्यांनी जे पाहिले, ऐकले, त्यांना गाठून विचारले. नागदेवाचार्यांकडून तपासून घेतले. त्यातून लीळाचरित्र झाले. पुढच्या धामधुमीत मूळ पोथी गेली आणि स्मरणातून पाठ पुन्हा सिद्ध करावे लागले. काही प्रसंगांचे वेगवेगळे पाठ सांगणाऱ्याच्या नावानिशी राहिले. १९७८ साली वि. भि. कोलत्यांनी संपादित केलेले लीळाचरित्र प्रसिद्ध झाले, त्यामागे अशाच अनेक पोथ्या ताडून पाहण्याचे कष्ट आहेत. प्रत्यक्षदर्शी, पडताळणी, पाठभेदांची नोंद. संशोधनपद्धती म्हणून आपण जे शिकवतो, ते इथे आहेच.

पण आज आपल्याला महत्त्वाचे ते पुढचे. हे लोक एका ग्रंथावर थांबले नाहीत. केसोबासांनी स्वामींची वचने वेगळी काढून सूत्रपाठ केला. त्यांनीच ११४ दृष्टान्तांचा दृष्टान्तपाठ केला. त्यात आधी सूत्र, मग दृष्टान्त, मग तो दृष्टान्त सूत्राला कसा लागू पडतो ते. स्वामी कुठे कुठे राहिले, याची नोंद स्थानपोथीत झाली. महदाइसेने धवळे गायले. नागदेवाचार्यांच्या आठवणींचे स्मृतिस्थळ झाले.

आता बघा, यातला कोणताही प्रकार दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. काय घडले, हे लीळा सांगते. त्यातून तत्त्व काय निघते, हे सूत्र सांगते. ते सामान्य माणसाला कसे उमगेल, हे दृष्टान्त सांगतो. कुठे घडले, ते स्थानपोथी सांगते. गंमत म्हणजे, सूत्र लीळेतून सोडवून घेतले की ते नेमके होते, पण कोणत्या प्रसंगी, कुणाला उद्देशून म्हटले, हे सुटून जाते. म्हणून कोणते वचन कोणत्या प्रसंगातले हे सांगणारे ‘प्रकरणवश’ हे वेगळे लेखन करावे लागले. एका प्रकाराने जे गमावले, ते दुसऱ्याने भरून काढले. आमच्या मते या सगळ्या पद्धतीचे तत्त्वज्ञान एवढ्यातच आहे.

आणि भाषेचे काय? केसोबास संस्कृतात लिहू शकत होते. पण त्याने म्हाताऱ्या बाया वंचित राहतील, असा नागदेवाचार्यांचा आक्षेप स्मृतिस्थळात नोंदलेला आहे. ज्ञान कोणत्या रूपात ठेवायचे, हा प्रश्न ते कुणासाठी ठेवायचे याच्याशी बांधलेला असतो, तो असा.

पुढच्या काळातले एकच उदाहरण घेऊ. जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’, १८७३. तिचा गाभा संवाद आहे, सोबत इंग्रजी प्रस्तावना आहे, शेवटी अभंग आहेत. राज्यकर्त्याला एका रूपात सांगायचे, धोंडिबाला दुसऱ्या.

आता आपल्या वावरात येऊ. विषय घ्या कापसाचा. १९७२ साली सुरू झालेली एकाधिकार खरेदी, २००२ साली बीटी वाणांना मिळालेली परवानगी, २०१७च्या हंगामातली गुलाबी बोंडअळी, हे टप्पे सरळ निबंधात किंवा कालपटात मांडावेत. भावाची चढउतार तक्त्यातच दिसते, तिथे कविता कामाची नाही. पण पऱ्हाटी वेचणाऱ्या बाईला मजुरी किलोवर मिळते, मग तिचा दिवस कसा जातो? हे तक्त्यात येत नाही. ते तिच्या तोंडून, तिच्या वऱ्हाडीत आले पाहिजे. विद्यार्थी तिचे ‘मले’, ‘तुले’ पुसून ‘मला’, ‘तुला’ करतात. का? पुरावा दुरुस्त करायचा नसतो. पुढे बियाण्याच्या पाकिटातल्या पत्रकावरची सूचना डाव्या पानावर आणि शेतकऱ्याने प्रत्यक्ष काय केले ते उजव्या पानावर ठेवा. दोन्ही जुळत नसतील, तर ती विसंगती हाच तुमचा निष्कर्ष.

आता अवघड प्रश्न. आपल्या भागात तो टाळता येत नाही. समजा, एका विद्यार्थिनीने आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याचे शेवटचे पत्र कल्पनेने लिहिले. भाषा चांगली आहे, वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येते. हे संशोधनात चालेल का?

आमचे उत्तर आहे, नाही. तिच्या भावना खोट्या आहेत, असे नव्हे. पण त्या माणसाने असे का केले, हे सांगू शकणारा एकच होता आणि तो आता दुरुस्ती करायला येणार नाही. त्याच्या तोंडी कारण घातले की प्रश्न बंद होतो. संशोधनाचे काम तो उघडा ठेवण्याचे आहे.

मग तिने काय लिहावे? शासकीय मदतीसाठी असे प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरवले जाते. जमीन कुणाच्या नावावर, कर्ज कोणते, वसुलीचा तगादा होता का, या बाबी पाहिल्या जातात. तिने चौकशीचा नमुना समोर ठेवावा आणि त्याच्याखाली त्यात न विचारलेले प्रश्न लिहावेत. सावकाराकडून हातउसने घेतलेले कुठे मोजले? जमीन सासऱ्याच्या नावावर आणि कसणारा मुलगा, तर काय? सातबाऱ्यावर नाव नसलेल्या त्याच्या बायकोने पुढचा पेरा कशावर करायचा? आणि त्या बाईची इच्छा असेल, तिने वाचून किंवा ऐकून होकार दिला असेल, तरच नाव न घालता तिचे शब्द. अशा यादीत एकही वाक्य कल्पित नाही, तरी ती पत्रापेक्षा खोल जाते.

याचा अर्थ कल्पना वर्ज्य, असे नाही. कापसाच्या गाठीचे आत्मवृत्त लिहा, दोन खऱ्या भूमिकांचा काल्पनिक संवाद लिहा. मात्र तीन पथ्ये पाळा.

पहिले, प्रत्येक तुकड्याला कारण हवे. तो काढून पाहा. काहीच हरवत नसेल तर ती सजावट आहे, काढूनच टाका. दुसरे, प्रत्येक तुकड्यामागे टिपण हवे : यातले काय पुराव्यातून आले, काय मी जुळवले. मुलाखतीची तारीख आणि ध्वनिमुद्रण जपून ठेवा, कारण यंत्र मुलाखतही बनवून देऊ शकते. तिसरे, सगळ्यांतून एक धागा जायला हवा. तुकडे पुष्कळ झाले आणि म्हणणे एकही नाही, तर ती गोधडी नव्हे, चिंध्यांचे गाठोडे.

आमचे प्राध्यापक मित्र विचारतात, गुण कसे द्यायचे? टिपणांवर द्या. तोंडी परीक्षेत एकच विचारा : ही गोष्ट तू या रूपात का सांगितलीस? ज्याने काम केले आहे, तो दहा मिनिटे बोलेल. ज्याने उतरवले आहे, तो पहिल्या वाक्यात अडखळेल. आणि ही पळवाट आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी असा एक प्रकल्प स्वतः करून पाहावा. नुसत्या निबंधापेक्षा यात मेहनत जास्त लागते.

पुढच्या व्याख्यानात साक्ष आणि पुरावा यांतला फरक पाहू. तोवर एवढे करा : तुमच्या विषयाबद्दल एक गोष्ट अशी शोधा, जी निबंधात बसत नाही म्हणून तुम्ही आजवर सोडून दिली. ती कोणत्या रूपात बसेल, ते लिहून ठेवा.