मऊ दगडावरची दोन गावं

रोममध्ये चार-पाच दिवस मुक्काम असलेला प्रवासी एक दिवस शहराबाहेर घालवायचं ठरवतो, तेव्हा त्याच्यापुढे येणाऱ्या पर्यायांत एक जोडी हमखास असते : ओर्विएतो आणि चिविता दि बान्योरेज्यो. सकाळी निघायचं, एका गावात दुपारपर्यंत थांबायचं, दुसऱ्यात दीड-दोन तास, आणि दिवेलागणीला परत. आठ माणसं, एक छोटी गाडी, एक मार्गदर्शक. गेल्या ऑक्टोबरमध्ये मी ही सहल केली. इथे तिचं प्रवासवर्णन करायचा मात्र विचार नाही. परतल्यावर दोन प्रश्न मनात राहिले आणि त्यांच्यामागे मी बरंच वाचत गेले. ही सहल अशीच का आखलेली असते, हा पहिला प्रश्न. दुसरा अधिक महत्त्वाचा : एकाच दगडावर उभी असलेली, एकाच दुखण्यानं पोखरलेली ही दोन गावं इतक्या वेगळ्या रीतीनं का जगली?

आठच माणसं का?

आपल्याकडच्या बहुसंख्य पर्यटकांना इटली भेटते ती चाळीस-पन्नास आसनांच्या बसमधून. रोम, पिसा, फ्लॉरेन्स, व्हेनिस, बरोबर मराठी बोलणारा सहलप्रमुख आणि रात्री वरण-भात. त्या व्यवस्थेची स्वतःची सोय आहे आणि तिनं हजारो मराठी ज्येष्ठांना युरोप दाखवला आहे. पण मोठी बस डोंगरमाथ्यावरच्या मध्ययुगीन गावाच्या वेशीतून आत शिरूच शकत नाही. म्हणून ही गावं तिच्या वाटेवर फारशी येत नाहीत.

छोट्या गटाच्या जाहिरातीत ‘जिव्हाळा’, ‘अस्सल अनुभव’ असे शब्द असतात. आठ या आकड्याचं मूळ मात्र वाहन परवान्यात आहे. युरोपात मोटार चालवण्याच्या साध्या परवान्यावर चालक धरून नऊ आसनांपर्यंतचं वाहन चालवता येतं. दहावं आसन आलं की बसचा परवाना लागतो आणि नियम बदलतात. चालक वगळला की उरतात आठ. मार्गदर्शक वेगळा असेल तर प्रवासी सातच.

दुसरी चौकट मार्गदर्शकाची. इटलीत पर्यटन-मार्गदर्शक हा परीक्षा देऊन मिळवायचा, परवानाधारक व्यवसाय आहे. 2023च्या अखेरीस झालेल्या कायद्यानं त्यासाठी देशभर एकच परीक्षा आणि एकच राष्ट्रीय नोंदवही आणली. त्यामुळे गाडी चालवता चालवता गप्पा मारणारा चालक आणि चर्चच्या दारात उभं राहून भित्तिचित्रं समजावून सांगणारा मार्गदर्शक ही कायद्याच्या दृष्टीनं दोन वेगळी माणसं. आमच्या सहलीत ओर्विएतोच्या चौकात एक स्थानिक बाई आमची वाट पाहत होत्या. त्या येताच चालक मुकाट्यानं कॉफी प्यायला निघून गेला. हा संकोच नव्हता, नियम होता.

तिसरी चौकट अंतराची. रोमहून ओर्विएतो महामार्गानं सुमारे 120 किलोमीटर, म्हणजे दीड तास. तिथून चिविता वीसेक किलोमीटर. या हिशेबात दोन गावं नीट बसतात. तिसरं बसवलं तर कुठंच काही पाहून होत नाही.

राखेचा दगड

दोन्ही गावांची खरी गोष्ट जमिनीखाली सुरू होते. या भागात बोल्सेना नावाचं मोठं सरोवर आहे. ज्वालामुखीच्या उद्रेकांनंतर खचलेल्या भूभागात ते साठलं. सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीच्या एका उद्रेकात तप्त राखेचे आणि वायूचे लोट आसपासच्या प्रदेशावर पसरले आणि थिजले. त्यातून जो पिवळसर-तांबूस दगड तयार झाला त्याला इटालियनमध्ये तूफो म्हणतात. सह्याद्रीच्या काळ्या कातळाची सवय असलेल्या माणसाला हा दगड पाहून आश्चर्य वाटतं : साध्या लोखंडी हत्यारानं तो कोरता येतो आणि तरीही त्याचे उभे, ताशीव कडे शेकडो वर्षं टिकतात.

या दगडाखाली काय आहे, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. ज्वालामुखीच्या आधी इथे समुद्र होता. त्याच्या तळाची चिकणमाती तशीच खाली आहे. पावसाचं पाणी तूफोच्या भेगांतून उतरतं, चिकणमातीपाशी अडतं, कारण ती पाणी मुरू देत नाही. मग ते आडवं वाहतं आणि बाहेर पडताना माती बरोबर घेऊन जातं. दरीतले ओढे खालून तीच माती कापत असतात. पायाखालची माती गेली की वरचा कडा उभ्या फाकींनी सुटून कोसळतो. गाव कडेनं आत-आत येत जातं. ओर्विएतोचं पठार मोठं आहे, त्यामुळे तिथे हे हळू जाणवतं. चिविता लहान, शिवाय रिओ क्यारो आणि रिओ तोर्बिदो या दोन ओढ्यांच्या मध्ये सापडलेलं. भोवताली चंबळच्या बिहडांसारख्या उघड्या, करवती घळी. तिथे हे डोळ्यांना दिसतं.

ओर्विएतो : वरचं शहर, खालचं शहर

ओर्विएतोला खालूनच पाहावं, असं जुन्या प्रवाशांना वाटत असे. इंग्लिश चित्रकार टर्नरनं 1828 साली रोममध्ये रंगवलेल्या चित्रात हे शहर दूरवर, धुक्यातल्या उजेडात तरंगताना दिसतं. आज रेल्वे स्थानकासमोरून दोरानं ओढली जाणारी गाडी काही मिनिटांत वर नेते. ही फ्युनिक्युलर 1888 सालची. मुळात ती पाण्याच्या वजनावर चालत असे. 1970मध्ये बंद पडली आणि 1990मध्ये विजेवर पुन्हा सुरू झाली.

इथे मूळ वस्ती एत्रुस्कन लोकांची. रोमनांनी इसवी सनपूर्व 264मध्ये ते शहर उद्ध्वस्त केलं आणि उरलेल्यांना बोल्सेनाच्या काठी वसवलं. मागे राहिलेल्या जागेला पुढे ‘जुनं शहर’ म्हणू लागले. लॅटिनमधल्या ‘उर्ब्स वेतुस’चंच ओर्विएतो झालं. म्हणजे एकदा रिकामं झालेलं हे गाव पुन्हा भरलं. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

चौकात उभं राहिल्यावर डोळ्यांत भरतो तो ‘दुओमो’, म्हणजे कॅथीड्रल. 1290मध्ये पायाभरणी झाली. भिंतींवर पांढऱ्या ट्रॅव्हर्टाइनचे आणि काळसर बेसॉल्टचे आडवे पट्टे आहेत. इतक्या दूर आल्यावर बेसॉल्ट भेटला की घरचं माणूस भेटल्यासारखं होतं. आतल्या सान ब्रित्सिओ कपेलात लुका सिन्योरेल्लीनं 1499 ते 1504 या काळात जगबुडीची, अंतिम न्यायाची भित्तिचित्रं काढली. फ्रा अँजेलिकोनं 1447मध्ये सुरू करून अर्धवट सोडलेलं काम त्यानं पुरं केलं. ख्रिस्तविरोधकाच्या उपदेशाच्या चित्रात डाव्या कोपऱ्यात काळ्या कपड्यांत तो स्वतः उभा आहे, शेजारी फ्रा अँजेलिको.

मानसशास्त्राच्या वाचकांना हे नाव दुसऱ्या कारणानं ठाऊक असेल. ही चित्रं पाहून भारावलेला फ्रॉइड पुढे एका प्रवासात सहप्रवाशाशी ओर्विएतोबद्दल बोलू लागला आणि चित्रकाराचं नावच त्याला आठवेना. बोत्तिचेल्ली, बोल्त्राफ्फिओ अशी भलतीच नावं मनात येत राहिली. त्या विसरण्याचा माग काढत त्यानं 1898मध्ये निबंध लिहिला आणि 1901च्या दैनंदिन जीवनातील मनोविकृतींवरच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण तिथूनच सुरू केलं. चित्रं लख्ख डोळ्यांपुढे आणि नाव हरवलेलं. एका दिवसात दोन गावं पाहणाऱ्याची अवस्था याहून फार वेगळी नसते.

खालचं शहर मात्र मार्गदर्शकाशिवाय उमगत नाही. मऊ दगड म्हणजे कोरायचा मोह. ओर्विएतोच्या पोटात सुमारे 1200 गुहा, विहिरी, बोगदे मोजले गेले आहेत. तेलाचे घाणे, दारूची तळघरं, मातीची भांडी भाजायच्या भट्ट्या, आणि कड्याच्या बाजूला भिंतभर चौकोनी कोनाडे. हे कोनाडे कबुतरांचे. वेढा पडला तरी पक्षी बाहेर उडून चरून येत आणि वर अडकलेल्या माणसांना मांस मिळे. पाण्याचा प्रश्न असाच खोदून सोडवला. 1527मध्ये रोमची लूट झाली तेव्हा पोप सातवा क्लेमेंट पळून इथे आला आणि त्यानं विहीर खणायला लावली. ती ‘संत पॅट्रिकची विहीर’ 1537मध्ये पुरी झाली. पन्नास मीटरहून खोल, आणि भिंतीत एकमेकांना कुठेही न भेटणारे दोन नागमोडी जिने, प्रत्येकी 248 पायऱ्यांचे. खेचरं एका जिन्यानं रिकामी उतरत, दुसऱ्यानं पाणी घेऊन चढत.

चिविता : पुलापलीकडचं

दुपारनंतर चिवितेला पोचलो. सुमारे तीनशे मीटरचा, शेवटी चांगलाच चढणारा पादचारी पूल ही एकमेव वाट. तो 1965 सालचा, कारण त्याआधीची जमिनीची वाट झिजून गेली. एके काळी हे मुख्य गाव होतं. संत बोनाव्हेंतुराचा जन्म इथलाच. 1695च्या भूकंपानंतर बिशपची गादी आणि गावकारभार शेजारच्या टेकडीवर, आजच्या बान्योरेज्योत गेला. त्यामागून माणसं गेली. बान्योरेज्योचाच लेखक बोनाव्हेंतुरा तेक्की यानं या गावाला ‘मरणारं गाव’ म्हटलं आणि तेच बिरुद आज पाट्यांवर मिरवतं. कायम राहणारी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

2013मध्ये इथे प्रवेश-तिकीट आलं, आधी दीड युरो, पुढे पाच. गावात शिरायला तिकीट लावणारं हे इटलीतलं पहिलं गाव मानतात. व्हेनिसनं दिवसभरासाठी येणाऱ्यांवर असं शुल्क लावलं ते 2024मध्ये. तिकीट लागल्यावर लोक कमी होतील असं वाटलं होतं, झालं उलट. तिकिटामुळे बातमी झाली, बातमीमुळे गर्दी. पर्यटक काही हजारांवरून काही लाखांवर गेले आणि बान्योरेज्यो नगरपालिकेनं आपले स्थानिक कर माफ केल्याच्या बातम्या युरोपभर गाजल्या.

वेशीतून आत गेलं की सान दोनातोचं चर्च आणि मातीचा चौक. वर्षातून दोनदा या चौकात गाढवांची शर्यत होते. जिरेनियमच्या कुंड्या, पाणवठ्याची मांजरं, घरगुती खाणावळी. काही दारांमागे घरच नाही, नुसती भिंत उभी आणि खिडकीतून आभाळ. बहुतेक लोक तिथे छायाचित्र काढतात. मीही काढलं.

कायदा आणि तिकीट

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येते. सत्तरच्या दशकात ओर्विएतोचा कडा धोकादायकरीत्या ढासळू लागला, तेव्हा इटलीच्या संसदेनं 1978मध्ये ओर्विएतोचा कडा आणि तोदीची टेकडी यांच्यासाठी खास कायदा केला. कड्यात पोलादी सळया ठोकल्या गेल्या, उतारांवरचं पाणी बांधलं गेलं. आणि त्याहून महत्त्वाचं, वरच्या शहराच्या गळक्या जलवाहिन्या आणि गटारं नव्यानं घातली गेली. शहर स्वतःच्या सांडपाण्यानं स्वतःचा पाया भिजवत होतं. दुरुस्ती करणाऱ्यांना ते कळलं, कारण तिथे नळ वापरणारी, गटारं तुंबली की ओरडणारी माणसं राहत होती. पुढे 1999मध्ये याच शहरात ‘चित्तास्लो’, म्हणजे संथ शहरांची चळवळ स्थापन झाली. पन्नास हजारांहून कमी वस्तीच्या गावांनी आपला वेग आपण ठरवावा, हा तिचा विचार. तिथे दिवसभराची धावती सहल येते हा विनोद खराच, पण संध्याकाळी बस गेल्यावरही ओर्विएतोत भाजीवाला असतो, शाळा असते, भांडणं असतात.

चिवितेलाही अभियंत्यांची मदत झाली आहे. आलेमान्नी वाड्यात भूशास्त्राचं आणि दरडींचं एक छोटं संग्रहालय आहे आणि कडा धरून ठेवायच्या प्रयत्नांची माहिती तिथे मिळते. पण हे गाव उभं ठेवायचा खर्च आता मुख्यतः आपल्यासारख्यांच्या येण्यावर टेकलेला आहे. तिकिटाला नावं ठेवणं सोपं आहे. मला तसं करता येत नाही. तिकीट नसतं तर कदाचित पुलाची डागडुजीही झाली नसती. मात्र तिकीट दगड वाचवतं, वस्ती परत आणत नाही. उलट प्रत्येक रिकामं घर राहण्यापेक्षा खोल्या भाड्यानं देण्यासाठी अधिक किफायतशीर ठरतं. शेवटचा रहिवासी गेल्यावरही ‘मरणारं गाव’ पाहायला लोक येतील. गावाला आता मरायचीही मुभा नाही आणि पुन्हा नांदायचं कारणही नाही.

म्हणून या सहलीचं मोल माझ्या लेखी जोडीत आहे. फक्त चिविता पाहिली तर ती सुंदर, करुण वाटते आणि तिथेच विचार थांबतो. आधी ओर्विएतो पाहिलं, तिथल्या गुहांत उतरून हातानं ओल तपासली, तर पुलावरून दिसणारा तो कडा नुसतं दृश्य राहत नाही. तोच दगड, तीच माती, आणि मधल्या काळात माणसांनी घेतलेले वेगळे निर्णय दिसू लागतात. मार्गदर्शक हवा तो यासाठी. सनावळ्या पुस्तकातही मिळतात.

जाणाऱ्यांसाठी दोन व्यावहारिक गोष्टी. सहल निवडताना ओर्विएतोतल्या भूमिगत भागाचा समावेश आहे का आणि परवानाधारक स्थानिक मार्गदर्शक आहे का, हे विचारून घ्यावं. नुसत्या ‘मोकळ्या वेळा’च्या सहलीत शहराचा निम्मा भाग, म्हणजे खालचा, राहून जातो. आणि चिवितेत मिळणाऱ्या दीड तासातली वीस मिनिटं त्या दरडींच्या संग्रहालयाला द्यावीत. आमच्या आठांपैकी तिथे दोघं गेलो. बाहेरच्या चौकातली गर्दी आत आली नव्हती. नकाशावर गावाची जुनी कड आणि आजची कड पाहताना गाव किती गेलं ते एका नजरेत कळत होतं.