काळ्या बिबट्याचं अप्रूप

ताडोबात बिबट्यांची वाण नाही. तरी वाघाच्या ओढीनं निघालेली जिप्सी त्यांच्यासाठी फार रेंगाळत नाही. बिबट्या काळा असला, की मात्र वाघसुद्धा मागं पडतो. 2018 मध्ये परदेशी पर्यटकांनी इथल्या काळ्या बिबट्याचे फोटो टिपले आणि त्याची बातमी झाली.

खरं तर ही वेगळी जात नाहीच. एका जनुकातला बदल आई आणि बाप दोघांकडून आला, की पिल्लू काळं जन्मतं. तिरप्या उन्हात त्याच्याही अंगावर ठिपके दिसतात. मग एवढं अप्रूप कशाचं?

सौंदर्याच्या विज्ञानानं आधी उलटंच सांगितलं होतं: वेगळं नव्हे, सरासरी आवडतं. 1990 मध्ये ज्युडिथ लँग्लॉइस आणि लोरी रॉगमन यांनी संगणकावर बरेच चेहरे एकमेकांत मिसळले. तयार झालेला सरासरी चेहरा बहुतेक सुट्या चेहऱ्यांपेक्षा लोकांना देखणा वाटला. चारच वर्षांनी डेव्हिड पेरेट यांच्या गटाला आढळलं, की सर्वांत आकर्षक चेहरे सरासरीपासून जरा बाजूला सरकलेले असतात. सरासरी चेहरा आवडतो. पण लक्षात किती राहतो? ताडोबातलाच वाघडोह नावाचा वाघ 2022 मध्ये मेला. तोंडावर जखमांचे व्रण, म्हणून पर्यटक त्याला ‘स्कारफेस’ म्हणत. रूपाच्या स्पर्धेत तो हरला असता, पण नाव आजही निघतं.

दुर्मिळतेला स्वतःचंच वजन असतं. 2014 च्या एका प्रयोगात, आजूबाजूला बिनदाढीचे चेहरे जास्त असताना दाढीवाले अधिक आकर्षक ठरले. दाढ्या वाढल्या तसा त्यांचा भाव उतरला. माणसांच्या पसंतीवर माझा फारसा भरवसा नाही. पण त्रिनिदादच्या ओढ्यांतल्या गप्पी माशांना तर फॅशन कळत नाही! तिथंही विरळ रंगाच्या नरांना जास्त पिल्लं झाल्याचं 2013 मध्ये दिसलं.

बिबट्यांमधला काळा रंग ओलसर, दाट जंगलात जास्त आढळतो. ताडोबाच्या कोरड्या साग-बांबूत तो विरळाच. मलाय द्वीपकल्पाच्या दक्षिणेत मात्र जवळपास सगळे बिबटे काळेच. तिथं अप्रूप राहिलं बाजूला, ते एकमेकांपासून ओळखायचे कसे हीच पंचाईत! शेवटी संशोधकांनी दिवसाही कॅमेरा ट्रॅप इन्फ्रारेडवर चालवले, तेव्हा दडलेले ठिपके उमटले आणि त्यावरून बिबट्यांची मोजदाद झाली.