फुकटच्या बियाण्याचा धनी कोण?

शाळेतल्या मुलांच्या कविता आता पुष्कळ गुरुजी संगणकावर ध्वनिमुद्रित करतात. मध्येच कोणी खोकले, तर तेवढा तुकडा कापायचा. पंख्याची घरघर कमी करायची. या कामाला 'ऑडॅसिटी' नावाचे सॉफ्टवेअर जगभर वापरतात, आणि त्याला दिडकीही पडत नाही. मग ते देणाऱ्याचे चालते कशावर?

१९९९ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनी हे काम आरंभले. २००० च्या मे महिन्यात ते लोकांपुढे ठेवले. नुसते तयार सॉफ्टवेअरच नव्हे, तर ते ज्या ओळींनी घडले त्या ओळीही दिल्या. त्यावरचा परवाना मोठा मजेदार आहे. वापरा, बदला, हवे तर विकासुद्धा. पण सुधारलेले वाण दुसऱ्याला द्याल तेव्हा याच अटीवर द्या. आपल्याकडे शेजाऱ्याला पसाभर बियाणे देतात ना, तसेच. फक्त इथे अट कागदावर आहे.

२०२१ मध्ये म्यूझ ग्रुप या कंपनीने ऑडॅसिटी आपल्याकडे घेतले. म्हणजे घेतले तरी काय? नाव आणि पुढचा कारभार. वाटलेले बियाणे काही परत गोळा होत नाही! पण लवकरच वापराची माहिती गोळा करण्याचा प्रस्ताव आला. वापरणाऱ्याच्या संमतीनेच ती घ्यायची होती, तरी लोक खवळले आणि तो बेत सोडावा लागला. जुलैत नवे नियमपत्रक निघाले. त्यात लिहिलेले, तेरा वर्षांखालील मुलांनी हे वापरू नये! आता प्राथमिक शाळेने काय करावे? मूळ परवान्यात तर वयाचा शब्दही नाही. पुन्हा गदारोळ झाला. त्याच महिन्यात कंपनीने ती अट काढली. पण तोवर काही जणांनी त्याच ओळी घेऊन 'टेनॅसिटी' नावाचे वेगळे वाण सुरू केले होते. तसे करायला त्यांना कोणाची परवानगी लागली नाही, हे ध्यानात घ्या.

तरी कंपनीला सरसकट लुटारू म्हणणे मला पटत नाही. पगारी माणसे बसवल्यावर कामे उरकतात. सप्टेंबर २०२२ च्या ३.२ आवृत्तीत ध्वनी वाजत असतानाच संस्कार लावून पाहण्याची सोय आली. मूळ मुद्रण जसेच्या तसे राहते. आधी एकदा संस्कार केला की मूळ ध्वनीच बदलून जाई.

दुसरी एक तऱ्हा आहे, ती मला अधिक सरळ वाटते. पॉल डेव्हिस यांचे 'आर्डर' हेही ध्वनिमुद्रणाचेच सॉफ्टवेअर. त्याच्या ओळी सर्वांना मोकळ्या आहेत. मात्र संगणकावर थेट चालेल असे तयार रूप त्यांच्याकडून हवे, तर पैसे मोजा. ज्वारी फुकट, दळणाचे तेवढे द्या. घरी जाते असेल त्याने खुशाल स्वतः दळून घ्यावे. आणि हॅरिसन या ध्वनियंत्रे बनवणाऱ्या कंपनीने २००९ साली याच ज्वारीची आपली भाकरी थापली. तिचे नाव 'मिक्सबस', आणि ती विकत मिळते.