दोन लाख डॉलरांचा उंबरठा

अमेरिकेत शेअर बाजाराबाहेर खासगीरीत्या विकले जाणारे रोखे प्रामुख्याने ‘मान्यताप्राप्त गुंतवणूकदारां’साठी राखलेले असतात. केवळ उत्पन्नाच्या बळावर हा दर्जा मिळवायचा, तर मागील दोन्ही वर्षे दोन लाख डॉलरांहून अधिक मिळकत हवी (पती-पत्नींची मिळून तीन लाख), शिवाय चालू वर्षीही तितक्याची रास्त अपेक्षा. एखाद्या वर्षीच्या घबाडाने भागत नाही. गृहीत असे, की एवढे कमावणारा ठोकर सोसेल. पण दोन लाखांचा आकडा १९८२चा! उंबरठा तोच राहिला, महागाईने अंगणच वर आले. संपत्तीचा निकषही धरून १९८३मध्ये १.८ टक्के कुटुंबे पात्र होती, २०२२मध्ये १८.५ टक्के. त्यांत निवृत्तीची पुंजी सांभाळणारे पगारदारही आले. त्यांच्यापुढे नोंदणीकृत माहितीपत्रक ठेवण्याचे बंधन विक्रेत्यावर नाही.