चोक शोधण्याची गोष्ट

हरिशंकरपुरममधल्या आमच्या घरात एक जुनी ट्यूबलाइट अजून आहे. दिवेलागणीला दोनतीनदा लुकलुकते, मग पेटते. आतले इलेक्ट्रॉन दहा हजार अंशांच्या घरात तापलेले, पण वायूचे जड अणू जवळपास थंडच. म्हणून नळीला हात लावला तर जेमतेम कोमट लागते. विजेने भारलेल्या वायूची हीच अवस्था म्हणजे शीत प्लाझ्मा. प्रवाहाला आवर घालणारा चोक नसता तर तो बेसुमार वाढून नळी केव्हाच गेली असती. जिवंत कातडीवर चालणाऱ्या प्लाझ्मा-उपकरणांचा मागोवा घेताना मला हा चोकच आठवत राहतो.

नळीत वायूचा दाब अगदी कमी असतो. उघड्या हवेत ठिणगीचा लगेच कमान-झोत होतो आणि तो जाळतो. 1857 मध्ये वेर्नर फॉन सीमेन्सने ओझोन तयार करताना विद्युतअग्रांमध्ये काच घातली आणि ठिणगीला लगाम बसला. ‘प्लाझ्मा’ हे नाव अर्व्हिंग लँगम्यूरने 1928 मध्ये दिलं. पाणी शुद्ध करायला सीमेन्सचं तंत्र लवकर रुळलं. जखमेपाशी यायला मात्र शतकाहून जास्त काळ गेला.

1996 मध्ये मुनीर लारूसी यांनी साध्या हवेच्या दाबाखाली प्लाझ्माने जंतू मारून दाखवले. पण जंतू मारणं सोपं, शेजारची पेशी जगवणं कठीण. 2002 च्या सुमारास आइंडहोव्हनमध्ये एवा स्टोफेल्स यांनी ‘प्लाझ्मा सुई’ केली. हेलियममध्ये, सुईच्या टोकाशी, मिलिमीटरभर प्रकाश. त्याच्या स्पर्शाने पेशी न मरता एकमेकींपासून सुटत.

पुढचं काम जर्मनीत झालं. एका पद्धतीत रुग्णाचं शरीरच दुसरं विद्युतअग्र ठरतं. तिथे काचेचा किंवा सिरॅमिकचा पडदा प्रवाह आवरून धरतो. दुसरीत वीज नळीच्या आतच राहते आणि आर्गॉनचा झोत फक्त प्लाझ्मा बाहेर आणतो. ग्राइफ्सवाल्डचं असं लेखणीसारखं उपकरण 2013 मध्ये युरोपात वैद्यकीय वापरासाठी मान्य झालं. टोकाला अंतर राखणारं टोपण, कारण झोत जवळ आला की उष्णता वाढते. 2014 मध्ये जर्मन मानक निघालं: तापमान, गळका प्रवाह, अतिनील किरण, ओझोन, सगळं मोजूनच उपकरण पुढे जाईल.

जर्मनीत जखमांवर काम चाललं, तर गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने अंगोरा लोकरीवर प्लाझ्मा वापरला, गुळगुळीत तंतूंना पकड यावी आणि सूत नीट कातता यावं म्हणून. लोकर तक्रार करत नाही. जखम मात्र तक्रार करते.

या सगळ्यात एक अंदाज मागे पडला. 2010 च्या जर्मन चाचणीत 36 रुग्णांच्या जुन्या जखमांवर रोज पाच मिनिटं प्लाझ्मा दिल्यावर जंतूंची संख्या नेहमीच्या उपचारापेक्षा 34 टक्क्यांनी जास्त घटली, तेव्हा जंतुनाश हाच याचा गुण वाटला. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मधुमेही पायांच्या चाचणीत जखमा लवकर आक्रसल्या, पण जंतुसंसर्गात ठळक फरक दिसला नाही. म्हणजे लाभ बहुधा पेशींना मिळणाऱ्या हलक्या चेतवणीतून येतो; तीच जास्त झाली की इजा.

ही चेतवणी किती द्यायची? गोळीची मात्रा मिलिग्रॅममध्ये सांगतात. प्लाझ्माची अजून सेकंदांत, अंतरात, वायूच्या प्रवाहात सांगावी लागते. सगळ्यांना मान्य असं एकच माप ठरलेलं नाही. विजेला चोक सापडला, मात्रेचा अजून शोधायचा आहे.