‘खट्’ वाजते, पण गाडी सुरू होत नाही

सकाळी बाहेरगावी निघायचे आहे. सामान भरून झाले, सगळे आपापल्या जागी बसले. किल्ली फिरवली आणि ‘खट्’! एवढाच आवाज. पुन्हा किल्ली, पुन्हा ‘खट्’. गंमत अशी, की दिवे लागतात, भोंगाही वाजतो. कोणी म्हणते, “दिवे लागतात म्हणजे बॅटरी ठीक आहे, सेल्फच गेला.” दुसरा म्हणतो, “नवी बॅटरी आणा.” दोघांचेही चुकणे शक्य आहे, आणि चूक हजारो रुपयांना पडते. म्हणून आधी तो आवाज कशाचा ते पाहू.

पेट्रोलचे इंजिन आपण होऊन सुरू होत नाही. दट्ट्यांनी हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढून दाबले, तरच ठिणगीचा उपयोग. म्हणून पहिले काही फेरे बाहेरून द्यावे लागतात. पूर्वी त्यासाठी लोखंडी हँडल असे. इंजिनाने उलटा झटका दिला, की हात मोडायचा! १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर बसवला गेला. आपल्याकडचे मिस्त्री त्यालाच ‘सेल्फ’ म्हणतात.

इंजिन फिरवताना सेल्फला १०० ते २०० अँपिअर प्रवाह लागतो. एवढा प्रवाह किल्लीच्या बारीक तारांतून नेला तर त्या जळून जातील. म्हणून किल्ली फक्त एका वेटोळ्यात प्रवाह सोडते. वेटोळ्याचा चुंबक होतो, तो लोखंडी दांडा आत खेचतो. दांडा एकाच वेळी दोन कामे करतो : सेल्फचे लहान दंतचक्र इंजिनाच्या मोठ्या चक्रात अडकवतो आणि तांब्याच्या जाड चकतीने मुख्य प्रवाहाचा मार्ग जोडतो. या साधनाला सोलेनॉइड म्हणतात. ‘खट्’ आवाज त्या दांड्याचा. म्हणजे किल्लीने आपले काम केले. घोटाळा पुढे आहे.

मग दिवे लागतात, पण सेल्फ का फिरत नाही? ओहमचा नियम आठवा : विद्युत् दाबातील घट म्हणजे प्रवाह गुणिले रोध. समजा, बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी भुकटी जमली आहे. (ती बुरशी नव्हे, आम्लाच्या बाष्पाने धातूवर तयार झालेले क्षार आहेत.) त्यामुळे सांध्यात केवळ ०.०५ ओहम रोध आला. ६० वॅटचा दिवा ५ अँपिअर घेतो. घट झाली ५ × ०.०५ = ०.२५ व्होल्ट. डोळ्यांना कळणारही नाही! पण सेल्फ १०० अँपिअर मागू लागला, की घट ५ व्होल्ट. बारापैकी उरले सात. सेल्फ कसा फिरणार? शिवाय त्या सांध्यात १०० × ५ = ५०० वॅट उष्णता निर्माण होते. नळाच्या पाइपात क्षार साचले, तर बारीक धार नीट येते, पण तोटी पूर्ण सोडली तरी बादली भरत नाही, तसेच हे. जुन्या किंवा उतरलेल्या बॅटरीचा अंतर्गत रोधही असाच वाढतो.

आता ‘खट्’ऐवजी ‘कट् कट् कट् कट्’ असा झरझर आवाज आला तर? दांडा आत जातो, सेल्फ प्रवाह मागतो, दाब कोसळतो, चुंबक दुबळा होतो आणि दांडा सुटतो. मार्ग तुटताच दाब पुन्हा वर येतो आणि दांडा पुन्हा आत! विजेच्या घंटीचेच तत्त्व. हा आवाज बहुधा उतरलेल्या बॅटरीचा किंवा खराब सांध्याचा असतो.

तपासणी सोपी आहे, पण ती घरातील मोठ्या माणसांबरोबरच करा. पुढचे दिवे लावून किल्ली फिरवायला सांगा. दिवे एकदम मंदावले, तर बॅटरी किंवा सांधा. टर्मिनलला हात लावून पाहा. ते गरम लागले तर चोर तिथेच सापडला. व्होल्टमीटर असेल तर किल्ली फिरवलेली असताना तो बॅटरीचा शिशाचा खुंट आणि त्यावरची पकड यांच्यामध्ये लावा. अर्धा-एक व्होल्ट दिसला, तरी सांधा साफ करायला हवा. दिवे लख्ख राहिले आणि एकच ‘खट्’ आला, तर मात्र सोलेनॉइडची चकती जळलेली किंवा सेल्फचे कार्बन ब्रश झिजलेले असावेत. अशा वेळी मिस्त्री सेल्फवर लाकडी दांड्याने हलकेच ठोकतात. ब्रश क्षणभर टेकतात, गाडी गॅरेजपर्यंत पोहोचते. पण ती दुरुस्ती नव्हे.

सांधा साफ करताना आधी ऋण टर्मिनल काढावे व शेवटी तेच लावावे. नाहीतर धन टर्मिनलवरचा पाना गाडीच्या पत्र्याला टेकून ठिणग्या उडतात. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून भुकटी धुवावी, खुंट घासून चकचकीत करावा, पकड घट्ट आवळावी आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी. काडी पेटवून आत पाहण्याचा मोह टाळा : बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तो स्फोटक आहे. दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडताना शेवटची ऋण तार बॅटरीला न लावता इंजिनाच्या उघड्या धातूला लावतात, तीही याच कारणाने.

आणि बॅटरी उतरलेलीच असेल तर? सेल्फ दोन सेकंद १५० अँपिअर घेतो, तो खर्च चालत्या गाडीतील जनित्र मिनिटाच्या आत भरून काढते. परंतु रात्री पुढचे दोन्ही दिवे चालू राहिले, तर १० अँपिअरप्रमाणे ३५ अँपिअर-तासांची बॅटरी साडेतीन तासांत रिकामी. ती धक्का मारून गाडी सुरू केल्यावर बाजारापर्यंतच्या फेरीत भरत नाही. चार्जरवर तिला कित्येक तास लावून ठेवावे लागते.